सेवा करायची, तर स्वतःच्या नावानं!

एखाद्या पाणपोईवर, शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर, नाहीतर बसथांब्याच्या बाकावर रंगवलेलं दातेरी चाक तुम्ही पाहिलं असेल. खाली 'रोटरी क्लब' आणि पुढे गावाचं नाव. कुठे चाकाऐवजी सिंहाची तोंडं असतात, ती लायन्स क्लबची खूण. आपण त्या बाकावर भाजीची पिशवी टेकवतो, पदराने घाम पुसतो आणि बस आली की निघून जातो. हे क्लब म्हणजे साहेबलोकांचं काम, दर आठवड्याला जमायचं, जेवायचं, हार घालायचे आणि फोटो काढायचे, असा आपला समज. त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही! पण या क्लबांत खरं काम काय चालतं आणि ते कुणाच्या हातून होतं, हे आपण बायकांनी एकदा नीट पाहायला हवं. कारण त्यातलं पुष्कळसं काम आपल्याच हातून होतं आणि तरी पाटीवर आपलं नाव नसतं.

मी राहते भोसरीला. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे एकेकाळचं शेतकऱ्यांचं गाव. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आलं, हळूहळू इथे कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गावाचं रूपच पालटलं. आज कुठल्याही गल्लीत जा, घरातलं कुणी ना कुणी लेथवर, प्रेसवर, नाहीतर जुळणीच्या लाइनीवर असतंच. म्हणून त्या दातेरी चाकाची एक गोष्ट आम्हा भोसरीकरांना चटकन कळते.

रोटरीच्या त्या चाकाला २४ दात आणि ६ आरे आहेत. मधोमध भोक, आणि भोकाच्या कडेला एक छोटीशी खाच. वर्कशॉपमधला नवशिका पोरगासुद्धा सांगेल की हा 'की-वे'. त्या खाचेत लोखंडी चावी बसली की शाफ्ट आणि चाक एकमेकांना धरतात. शाफ्टची ताकद चाकाला मिळते आणि यंत्र चालतं. खाच नसेल तर शाफ्ट आपला गरागरा फिरत राहतो, चाक मात्र काही काम करत नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला क्लबाच्या चित्रातल्या चाकाला ही खाचच नव्हती! कुणा जाणत्यानं दाखवून दिलं की असं चाक निरुपयोगी, तेव्हा शंभरेक वर्षांपूर्वी ती घालण्यात आली.

सेवाभावी क्लबांत बायकांचं अगदी असंच झालं. हातांत ताकद होती, मनात हौस होती. फक्त धरून ठेवणारी ती चावी, म्हणजे स्वतःचं सभासदत्व, तेवढं नव्हतं.

आठवडा कसा जातो?

आधी सभेचं सांगते. दिवस आणि वेळ वर्षभर ठरलेली. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, पाहुण्यांची ओळख होते. त्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असेल तर टाळ्या. मग चिटणीस निवेदन करतात : अमक्या शाळेचं पत्र आलंय, तमक्या शिबिराला इतके स्वयंसेवक हवेत. नंतर पाहुण्यांचं वीस-पंचवीस मिनिटांचं भाषण. कधी हृदयविकारावर डॉक्टर बोलतात, कधी आयकरावर वकील, कधी मधमाश्या पाळणारा शेतकरी. प्रश्नोत्तरं, आभार, पुन्हा घंटा. उशिरा येणाऱ्याला, सभेत फोन वाजलेल्याला गमतीनं दंड करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ते पैसे सेवेच्या पेटीत जातात. दीड तासात सगळे मोकळे.

वर्षाची सुरुवात १ जुलैला. आळंदीहून माउलींची पालखी निघते त्याच दिवसांच्या आगेमागे क्लबाचे नवे अध्यक्ष खुर्चीवर बसतात आणि पुढच्या ३० जूनला उतरतात. खुर्ची कुणालाही चिकटून राहू देत नाहीत, हे मला फार आवडतं. आपल्या गावच्या मंडळांनी घेण्यासारखा गुण आहे हो!

पण खरा क्लब चालतो तो दोन सभांमधल्या सहा दिवसांत. समजा, मोतीबिंदूचं शिबिर ठरलं. सोमवारी वस्तीत जाऊन म्हाताऱ्या माणसांची नावं घ्यायची. 'ऑपरेशन नको गं बाई, आहे तेवढं दिसतंय ते पुरे' म्हणणाऱ्या आजींशी अर्धा तास बोलत बसायचं. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे गाडी आणि बरोबर एक माणूस द्यायचा. आणि नंतर? काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे असतात, डोळा चोळायचा नसतो, पाणी जाऊ द्यायचं नसतं. सून कामाला, मुलगा दुसऱ्या पाळीला. थेंब घालणार कोण? डोळ्याची पट्टी निघते त्या दिवशी फोटो छापून येतो. थेंब मात्र पुढे कितीतरी दिवस कुणीतरी शेजारीण जाऊन घालत असते.

दर आठवड्यालाच का?

तुम्ही म्हणाल, महिन्यातून एकदा जमलं तर नाही का चालणार? याचं उत्तर या क्लबाच्या जन्मातच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी अमेरिकेत शिकागो शहरात चार माणसं एकत्र बसली. पॉल हॅरिस हा वकील, आणि त्याच्याबरोबर एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. मोठ्या शहरात आपलं म्हणावं असं माणूस नाही, ही हॅरिसची खंत. त्यांनी पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचं ठरवलं. आज याच्याकडे, पुढच्या वेळी त्याच्याकडे, असं फिरतं म्हणून नाव पडलं 'रोटरी'. अगदी आपल्या भिशीसारखं!

म्हणजे सेवेच्या आधी ओळख आली. भेट वरचेवर झाली तरच 'अमकी दोन वेळा दिसली नाही, बरं आहे ना तिचं?' असं विचारावंसं वाटतं. भोसरीसारख्या गावात तर याची फारच गरज. कुणी साताऱ्याची, कुणी सोलापूरची, कुणी थेट मराठवाड्यातून आलेली. माहेर दूर, सासर दूर. नवरा तीन पाळ्यांत फिरणारा. जिन्यात दोन शब्द होतात तेवढेच.

रोटरीत पूर्वी दर आठवड्याची सभा सक्तीची होती. गैरहजेरी झाली तर दुसऱ्या गावच्या क्लबात बसून ती भरून काढायची सोयही होती. २०१६ साली नियम सैल झाले, आता महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. नोकरी करणाऱ्यांना हे सोयीचं झालं खरं. पण कामाचं मात्र आठवड्यालाच विचारावं लागतं, असा माझा अनुभव आहे. एखाद्या गरजू बाईला शिलाई मशीन दिलं आणि महिनाभर कुणी फिरकलं नाही, तर ते मशीन कापड अंथरून टीव्ही ठेवायला उपयोगी पडतं! आठवड्यानं कुणी विचारलं, 'सुई मोडली का? गिऱ्हाईक मिळालं का? ब्लाउजचा गळा जमतोय का?' तर ते मशीन चालतं.

आणि आठवड्याची चिकाटी काय करू शकते याचं मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. पोलिओचे दोन थेंब! रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवायचं काम हाती घेतलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. सरकारी डॉक्टर, अंगणवाडी ताई, आशा ताई आणि क्लबांचे स्वयंसेवक टेबल मांडून बसायचे. एकेका देशव्यापी फेरीत १७ कोटींच्या आसपास मुलांना डोस दिले जात. करंगळीला शाईची खूण नसलेलं मूल शोधायला बायका सोमवारपासून पुन्हा दारोदार फिरत. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. कित्येक वर्षांचे ते रविवार, आणि घरोघर फिरणारे हात बहुतेक बायकांचे!

ही 'ॲन' कोण?

आता आपल्या मुद्द्याकडे येते. रोटरी क्लबात सभासदाच्या बायकोला 'ॲन' म्हणायची जुनी पद्धत आहे आणि ती आपल्याकडे अजून पुष्कळ क्लबांत ऐकू येते. मुलांना म्हणतात 'ॲनेट'. तिचं नाव सुलभा असो की शकुंतला, क्लबात ती ॲन! मला प्रश्न पडला, ही मूळची ॲन कोण?

तर १९१४ साली ह्यूस्टन गावी क्लबाचं मोठं अधिवेशन होतं. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या खास आगगाडीत ब्रुनियर नावाचे सभासद आपल्या पत्नीला घेऊन निघाले होते. त्यांचं नाव ॲन. गाडीतल्या मंडळींनी कौतुकानं त्यांना 'रोटरी ॲन' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव पुढे जगभरच्या बायकांना चिकटलं. एका बाईच्या लाडाच्या नावामागे लाखो बायकांची नावं झाकली गेली म्हणा ना!

अर्थात बायका काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या सभासदांच्या बायकांनी मदतकार्यात पुष्कळ काम केलं. युद्ध संपलं तरी त्यांना काम सोडवेना. परिचारिका राहिलेल्या आणि स्वतः धंदा करणाऱ्या मार्गारेट गोल्डिंग यांनी पुढाकार घेतला. नोव्हेंबर १९२३ मध्ये मँचेस्टरला सत्तावीस बायका जमल्या, आणि कुठे, तर एका तुर्की पद्धतीच्या स्नानगृहाच्या दालनात! १० जानेवारी १९२४ ला रीतसर क्लब सुरू झाला, त्याचं नाव 'इनर व्हील', म्हणजे आतलं चाक. आज भारतातही गावोगावी त्याच्या शाखा आहेत. पूर्वी रोटरी सभासदांच्या घरच्या बायकांनाच तिथे प्रवेश असे. आता निमंत्रणाने इतर स्त्रियांनाही घेतात.

मुख्य क्लबात मात्र दार बंद ते बंदच होतं. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्ते या छोट्या गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं, तर १९७८ साली त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली! प्रकरण कोर्टात गेलं. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला. १९८९ साली रोटरीने जगभरच्या क्लबांसाठी नियम बदलला. लायन्स क्लबनेही १९८७ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला. पुढे लायन्सच्या जागतिक अध्यक्षपदी २०१८ साली आइसलँडच्या गुडरून इंगवाडॉटिर आल्या आणि रोटरीच्या अध्यक्षपदी २०२२ साली कॅनडाच्या जेनिफर जोन्स. १९०५ ते २०२२, मोजा किती वर्षं झाली ती!

आपल्याकडची सभा

साहेबांच्या देशातल्या गोष्टी सांगितल्या म्हणून हे सगळं परकं समजू नका. भोसरीपासून फार लांब नाही, पुण्यातच पंडिता रमाबाईंनी १८८२ साली 'आर्य महिला समाज' काढला. शिकागोच्या त्या चार माणसांच्या तेवीस वर्षं आधी! त्या सभेला रमाबाई रानडे जात असत. सभेला जाणं, बाहेरच्या जगातलं ऐकणं, वाचणं यावरून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सारं आलं आहे. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि कितीतरी स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभं केलं. आठवड्याच्या एका सभेतून बाई कुठवर जाऊ शकते, याचा याहून चांगला दाखला कुठे शोधायचा?

टोमणे मात्र तेच राहिले आहेत बरं का! 'समाजसेवा करायला निघाली, आधी घरचं बघ म्हणावं.' आमच्या जिन्यातल्या एका काकूंनी मला विचारलं, "अहो बाई, क्लबात काय आपल्यासारख्यांनी जायचं? तिथे भारी साड्या लागतात." मी म्हटलं, "काकू, त्यांच्या शिबिराचे दोनशे माणसांचे पोहे तुम्हीच केलेत ना गेल्या खेपेला?" काकू हसल्या आणि म्हणाल्या, "केले की. कांदा चिरून डोळे सुजले. पण नाव कुठे आलं?" एवढ्यात सगळं आलं.

आमच्या घरीही प्रश्न निघालाच. दोन वर्षं मी एका क्लबाच्या कामात मदतनीस म्हणून जाते आहे. यंदा सभासद व्हायचं म्हटल्यावर 'हे' म्हणाले, "शाळा, शिकवण्या, घर, त्यात हे आणखी? तुला वेळ कुठाय?" मी कागदावर आठवड्याचे तास मांडून दाखवले. रात्रीची मालिका, दुपारची डुलकी आणि व्हॉट्सॲपवरचे सुविचार यांतून दोन तास सहज निघाले! सभेच्या संध्याकाळी कुकर लावायचं काम यांच्याकडे आणि ताटं घ्यायचं मुलीकडे. पहिल्या आठवड्यात भात लगदा झाला, पण कुणी उपाशी झोपलं नाही.

बायका खुर्चीवर असल्या की काय बदलतं?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून क्लबांचं वाटप मी दुसऱ्या बाजूनंही पाहिलं आहे. एकदा एका क्लबाने बूटवाटप ठेवलं. मुलं तासभर उन्हात उभी, पाहुणे उशिरा, भाषणं तीन. आणि बूट? निम्म्या मुलांना मोठे, निम्म्यांना घट्ट! पुढच्या वर्षी त्याच क्लबातल्या एक सभासद बाई आठ दिवस आधी शाळेत आल्या. वर्गावर्गांत जाऊन त्यांनी कागदावर पेन्सिलीने मुलांच्या पावलांचे आकार काढून घेतले आणि मापाला अर्धा बोट वाढतं अंग धरलं. वाटप वर्गातच झालं, पंधरा मिनिटांत. पैसे तेवढेच, फरक नजरेचा.

दुसरी गोष्ट. त्या शिकागोच्या क्लबाने १९०७ साली सार्वजनिक सेवेचं पहिलं काम हाती घेतलं ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह बांधण्याचं! ऐकून हसू येईल, पण हसू नका. पुण्याला जाताना सकाळपासून पाणी न पिता घराबाहेर पडणाऱ्या आपण बायका हा प्रश्न चांगला ओळखतो. स्वच्छतागृह बांधून फीत कापणं सोपं. कडी लागते का, पाणी येतं का, संध्याकाळी दिवा असतो का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते, हे प्रश्न बाईलाच सुचतात. म्हणून ती सभेच्या टेबलाशी बसलेली हवी. ठराव होऊन गेल्यावर चहा घेऊन आत येण्यात काय अर्थ?

तिसरी गोष्ट रक्तदानाची. शिबिरात उत्साहाने आलेल्या किती बायकांना परत पाठवतात, पाहिलंय? रक्तदानासाठी वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान १२.५ लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे शंभरातल्या चोपन्न! शिबिर संपतं, बाटल्यांचा आकडा जाहीर होतो. परत गेलेल्या बायकांची यादी मात्र कुणी करत नाही. एखाद्या क्लबाने तीच यादी हाती घेतली तर? त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की दर आठवड्याला विचारायचं. गोळीनं पोटात कसंतरी होतं म्हणून बायका चार दिवसांत ती सोडून देतात, तिथेच हात धरावा लागतो. जेवणाबरोबर चहा नको, निदान तासभर जाऊ द्या. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह चांगलं अंगी लागतं. आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं बंद! तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे काम फोटोत दिसणार नाही, पण घराघरात दिसेल.

सभासद व्हायचं तर

मनात आलं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

पहिलं म्हणजे 'मी तर नुसती गृहिणी' असं म्हणू नका. पूर्वी रोटरीत सभासदाला धंदा-व्यवसाय लागायचा. आता चांगलं नाव असलेली आणि सेवेची तयारी असलेली प्रौढ व्यक्ती सभासद होऊ शकते. घर चालवणारी बाई यात बसते.

दुसरं, एकदम फॉर्म भरू नका. दोन-चार सभांना पाहुणी म्हणून बसा. बायका बोलतात का, त्यांचं ऐकून घेतात का, ते बघा. गेल्या वर्षीच्या एखाद्या कामाचं पुढे काय झालं, असं विचारा. उत्तर देता आलं तर क्लब चांगला!

तिसरं, पैशांचं आधीच स्पष्ट करून घ्या. वर्षाची वर्गणी किती, जेवणाचे वेगळे का, वर्षात आणखी किती वेळा पाकीट उघडावं लागतं? संसाराच्या हिशेबात बसत नसेल तर संकोच न करता तसं सांगा. जमाखर्च सभासदांपुढे मांडला जातो का, हेही विचारा.

चौथं, दिवस नीट निवडा. आमच्या भागात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. माणसं घरी, मुलं मात्र शाळेत. डबे वाचतात, पण चहाचं आधण दिवसभर उतरत नाही! म्हणून बायकांना गुरुवार सोडून दुसरा वार सोयीचा. तुमच्या गावाचा बाजारवार, पाण्याची वेळ आणि मुलांची शाळा पाहून ठरवा.

पाचवं, काम मागून घ्या आणि ते अख्खं घ्या. 'मी पोहे बघते' म्हणालात की जन्मभर पोहेच बघाल. खजिनदार व्हा, चिटणीस व्हा, इतिवृत्त लिहा. दुधाचा, किराण्याचा, भिशीचा हिशेब जिला पैशापर्यंत जुळवता येतो, तिला क्लबाचा हिशेब का जमणार नाही?

आणि गावात असा क्लब नसेल, किंवा असलेला पसंत पडला नाही तर? दहा शेजारणी मिळून आपली सभा सुरू करा. बचत गट असाच दहा ते वीस जणींचा असतो. संस्था नोंदवायची झाली तर निदान सात सभासद लागतात, तेवढ्या तर एका जिन्यात सापडतील! वार आणि वेळ ठरवा, एक वही घाला, एकच काम धरा. वस्तीतल्या पाच म्हाताऱ्या माणसांची औषधं, नाहीतर चौथीतल्या दहा मुलांचं वाचन. वर्षभर तेच करा. अध्यक्षपद दरवर्षी बदला, म्हणजे भांडणं निम्मी होतात.

जुलै जवळ आला की क्लबांत नवे फॉर्म भरले जातात. 'सभासदाचे नाव' अशी त्यात पहिलीच ओळ असते. तिथे तुमचं नाव तुम्ही लिहा, तुमच्याच अक्षरात. सभेला आपणहून खुर्ची ओढून बसा. पोह्यांची पाळी येईल तेव्हा सगळे मिळून करू. पुरुष सभासदांनाही कांदा चिरता येतोच की!